शेकडा एकाची किमया आणि आपले कारीगर

आपल्या व्यापारात ‘मिलावट’ हा शब्द बदनाम आहे आणि तो बदनाम असणे रास्तच आहे. दुधात पाणी, मिरचीपुडीत विटेचा भुगा, सुती म्हणून गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारलेले पॉलिएस्टर, अशा तिजारतीत बरकत नसते हे वेगळे सांगावयास नको. परंतु मिसळ म्हटली की फसवणूक, असे मात्र नाही. टेरिकॉटचेच घ्या. ६७ टक्के पॉलिएस्टर आणि ३३ टक्के सूत असे प्रमाण ताग्याच्या काठावर छापलेले असते. नुसते सूत चुरगळते, नुसते पॉलिएस्टर अंगाला घाम आणते. दोन्ही प्रमाणात आली की शाळेचा गणवेश धाकट्या भावापर्यंत टिकतो. दोष मिसळण्यात नाही, लपवण्यात आहे.

धातूंच्या दुनियेतील अशाच एका मिसळीबद्दल आज लिहावयाचे आहे. मॅग्नेशियम नावाचा एक अत्यंत हलका धातू आहे. त्यात ‘रेअर अर्थ’ म्हणजे दुर्मिळ मृदा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पदार्थांची थोडीशी भर घातली की तो मजबूत होतो, उष्णतेला टिकतो आणि सहजासहजी पेट घेत नाही. कापडवाल्याने या भानगडीत का पडावे, असे कोणी विचारील. कारण एवढेच की सव, महाड, पोलादपूर या आपल्या पट्ट्यात लेथ, गॅरेज, वेल्डिंग आणि भंगार यांवर पोट असणारी आपली घरे पुष्कळ आहेत, आणि या मालाची खबर त्यांच्यापर्यंत अजून पोचलेली दिसत नाही. पोलादपूरच्या तर नावातच पोलाद आहे, ज्याला आपण उर्दूत फौलाद म्हणतो.

ही मिसळ आपल्याला अगदीच अनोळखी आहे, असेही नाही. वीज गावोगाव पोचण्यापूर्वी कोकणात निकाह असो, उरूस असो की संदलची मिरवणूक, डोक्यावर गॅसबत्त्या घेतलेली माणसे पुढे चालत. त्या बत्तीत जे पांढरे ‘मेंटल’ बांधत ते मुळात कापडच. विणलेली जाळीदार पिशवी थोरियम आणि सीरियम यांच्या क्षारात भिजवून वाळवलेली असे. पहिल्यांदा पेटवली की सूत जळून जाई आणि मागे ऑक्साइडचा नाजूक सांगाडा उरे. तोच तापून उजेड देई. प्रमाण काय होते? ९९ भाग थोरियम ऑक्साइड आणि अवघा १ भाग सीरियम ऑक्साइड. नुसत्या थोरियमचे मेंटल मिणमिणते. तो शेकडा एक भाग पडला की सारा मांडव उजळतो. ऑस्ट्रियाचे रसायनतज्ज्ञ कार्ल आउअर फोन वेल्सबाख यांनी १८९१ मध्ये हे प्रमाण बसवले आणि त्यावर मोठा धंदा उभा केला.

हा मनुष्य व्यापाऱ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखा आहे. थोरियम ज्या मोनाझाइट नावाच्या जड वाळूतून मिळे, त्या वाळूतून थोरियम काढून घेतल्यावर रेअर अर्थचा पुष्कळ माल मागे पडून राही. त्याला कोणी विचारीत नसे. वेल्सबाखने त्याचा धातू केला, त्यात लोखंड मिसळले आणि १९०३ मध्ये ठिणगी पाडणारा एक नवा दगड तयार केला. आज पानपट्टीवर मिळणाऱ्या चाकाच्या लायटरात जो बारीक खडा असतो तो हाच. लोखंड मिसळण्यापूर्वीच्या त्या मिश्रधातूला जर्मन भाषेत ‘मिशमेटल’ म्हणतात आणि १९३० च्या दशकात धातुशास्त्रज्ञांनी तोच मॅग्नेशियममध्ये घालून पाहिला. बत्तीचे मेंटल, लायटरचा खडा आणि विमानाचा सुटा भाग, एकाच वाळूची ही तीन भावंडे आहेत.

वाळू कुठली? तर आपल्या मुलखातली. १९०९ मध्ये त्रावणकोरच्या किनाऱ्यावर मोनाझाइट सापडले आणि सापडले कसे, तर तिथून जर्मनीला गेलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूवरून. त्यानंतर कित्येक वर्षे वाळू बोटीने जाई आणि तयार मेंटल बोटीने येई. मँचेस्टरच्या कापडाची गोष्ट ज्याला माऊम आहे त्याला हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही. स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये सरकारने इंडियन रेअर अर्थ्स ही कंपनी काढली, १९५२ मध्ये केरळात आलुवा येथे मोनाझाइटचा कारखाना सुरू झाला आणि १९५५ मध्ये मुंबईत ट्रॉम्बे येथे मेंटलवाल्यांसाठी थोरियम नायट्रेट बनू लागले. त्या कंपनीचे नाव आज आयआरईएल असे असून तिची कचेरी मुंबईत प्रभादेवीला आहे. म्हणजे महाडहून एसटीत बसलेला माणूस दुपारपर्यंत तिच्या दारात पोचू शकतो.

‘रेअर अर्थ’ या नावाने मात्र पुष्कळ घोळ घातला आहे. जुन्या रसायनशास्त्रात ‘अर्थ’ म्हणजे ऑक्साइड, माती नव्हे. आणि ‘रेअर’ म्हणावे तर सीरियम हा धातू पृथ्वीच्या कवचात जवळपास तांब्याइतका आहे. एकंदर १७ धातूंचे हे कुटुंब आहे. ती एकमेकांत इतकी मिसळलेली आणि स्वभावाने इतकी सारखी असतात की सुटी करणे हेच सारे कठीण काम. दुर्मिळ आहे ती सुटी करण्याची विद्या. जाता जाता सांगतो, यांतील इट्रियम, टर्बियम, अर्बियम आणि इटर्बियम या चार धातूंची नावे स्वीडनमधल्या इटर्बी या एका लहानशा गावावरून पडली. तिथल्या खाणीतला एक काळा दगड योहान गाडोलिन यांनी १७९४ मध्ये तपासला आणि त्यात हा नवा ऑक्साइड सापडला. आपल्या सवसारख्या गावाच्या नावाने चार धातू, अशी कल्पना करून पाहावी.

आता मॅग्नेशियमकडे वळू. शाळेत, मग ती उर्दू असो की मराठी, मास्तरांनी चिमट्यात धरून जाळलेली ती चकचकीत फीत सर्वांना आठवत असेल. डोळे दिपवणारा उजेड आणि मागे पांढरी राख. तीच ही वस्तू. पाण्याशी तुलना केली तर लोखंड जवळजवळ ७.८ पट जड, ॲल्युमिनियम २.७ पट आणि मॅग्नेशियम अवघे १.७४ पट. समुद्राच्या एक हजार लिटर पाण्यात ते सुमारे सव्वा किलो असते. उरण-पेणच्या मिठागरात मीठ काढून घेतल्यावर जे कडू पाणी उरते त्याचा कडवटपणा याचाच. डोलोमाइट या दगडातूनही ते काढतात आणि तो दगड आपल्या महाराष्ट्रात चंद्रपूर-यवतमाळकडे आहे. असे असूनही भारत आपल्या गरजेचे जवळपास सगळे मॅग्नेशियम बाहेरून आणतो.

एवढा हलका धातू, मग सगळीकडे का वापरत नाहीत? तर त्याच्या अंगात तीन खोडी आहेत. पहिली, तो वाकायला नाखूश. दुसरी, साधारण १२० अंशांच्या वर तापला की त्याचा जोर ओसरतो आणि सततच्या भाराखाली तो हळूहळू सरकत जातो. तिसरी, खाऱ्या हवेत तो गंजतो आणि त्याचा कीस पेटतो. कोकणात राहणाऱ्यांना तिसरी खोड विशेष महत्त्वाची.

पहिली खोड कापडाच्या भाषेत सांगता येते. कापड उभे ओढा, ताणत नाही. आडवे ओढा, थोडे ताणते. तिरपे ओढले तर चांगले ताणते. मॅग्नेशियमच्या आतले कण षटकोनी थरांचे असतात आणि पत्रा लाटला की ते सारे एकाच दिशेने लोळतात, जणू सगळे ताणे एकीकडे. मग एका बाजूने तो ऐकतो, दुसऱ्या बाजूने वाकवला की तडकतो. रेअर अर्थची थोडी भर पडली की कणांची ही एकतर्फी रांग मोडते आणि पत्रा सर्व बाजूंनी वळू लागतो.

ताकद वाढते ती दुसऱ्या एका कारणाने. छत्रीचे किंवा प्रवासी बॅगेचे चांगले नायलॉन हातात घेऊन पाहा. त्यात ठरावीक अंतरावर जाड दोऱ्याचे चौकोन विणलेले दिसतील. कापडाला भोक पडले तरी फाट त्या जाड दोऱ्यापाशी येऊन थांबते. धातूवर जोर आला की त्याच्याही आत बारीक सरकणी सुरू होते. इट्रियम ऑक्साइडचे, डोळ्यांना न दिसणारे कण त्यात विखुरलेले असले की ती सरकणी प्रत्येक कणापाशी अडते. शिवाय धातू थिजत असताना हे कण आतल्या दाण्यांना मोठे होऊ देत नाहीत. दाणा बारीक, म्हणजे वीण घट्ट. आणि इट्रियमने ऑक्सिजनला धरलेली मूठ मॅग्नेशियमपेक्षा पक्की असल्यामुळे वितळलेल्या रसातही त्याचे ऑक्साइड मोडत नाही, कणाचा कणच राहतो.

सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठात प्रा. मनोज गुप्ता यांच्या गटाने या मार्गाने पुष्कळ वर्षे काम केले आहे. इट्रियम, सीरियम, समेरियम यांची ऑक्साइडे, तीही शेकडा अर्धा ते दोन भाग एवढीच, घालून त्यांनी मॅग्नेशियम मजबूत करून दाखवले. मात्र यात एक मेख आहे. पूड नीट विखुरली पाहिजे. कढीत बेसनाच्या गुठळ्या झाल्या की जे होते तेच इथे होते. कणांचा गोळा झाला तर जिथे जोर यायचा तिथूनच तडा जातो. म्हणून जास्त घातले की जास्त मजबूत, असा हिशेब इथे चालत नाही. आज बाजारात खपणारा माल मुख्यतः दुसऱ्या मार्गाने बनतो. ऑक्साइडपासून आधी धातू काढायचा आणि तो धातू मॅग्नेशियमच्या रसात सोडायचा. दोन्ही मार्गांचे मूळ ते ऑक्साइडच.

त्या बाजारातील नामांकित माल म्हणजे ‘डब्ल्यूई ४३’. त्यात साधारण ४ टक्के इट्रियम, ३ टक्के निओडिमियम आणि त्याच्या भाईबंदांचा अंश, चिमूटभर झिर्कोनियम आणि बाकी मॅग्नेशियम. हा २५० अंशांपर्यंत तग धरतो. हेलिकॉप्टरच्या गिअरपेट्या याच्या ओततात. जर्मनीत २०१३ पासून जवळपास याच जातीच्या मिश्रधातूचे हाडांत बसवायचे स्क्रू मिळतात. हाड जुळले की ते शरीरात हळूहळू विरघळून जातात, काढण्यासाठी दुसऱ्यांदा चिरफाड करावी लागत नाही. मोटारीत पाहावे तर अमेरिकेच्या जनरल मोटर्सने २००६ च्या कॉर्व्हेट झेड ०६ गाडीत इंजिन पेलणारी चौकट ‘एई ४४’ ची केली. चार टक्के ॲल्युमिनियम, चार टक्के मिशमेटल, आणि वजन ॲल्युमिनियमच्या चौकटीपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी. वेल्सबाखच्या लायटरचा खडा इंजिनाखाली जाऊन बसला, असे म्हणण्यास हरकत नाही.

मालाची तारीफ झाली. आता बाजाराचे पाहू, कारण खरे दुखणे तिथे आहे. जगातील मॅग्नेशियमच्या दहा भागांपैकी आठ-नऊ भाग एकटा चीन बनवतो. २०२१ च्या शरदात तिथल्या सरकारने विजेच्या कारणाने काही भट्ट्या बंद ठेवल्या तर सारा युरोप घाबरा झाला. रेअर अर्थचे तेच. ४ एप्रिल २०२५ रोजी चीनने सात रेअर अर्थ धातूंच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले. त्यात इट्रियम आणि गॅडोलिनियम होते, म्हणजे मॅग्नेशियमला बळ देणारे हुकमाचे दोन पत्ते. चीनबाहेर इट्रियमचा भाव कित्येक पटींनी चढला. चुंबकाच्या टंचाईने पुण्याच्या बजाज ऑटोसारख्या कंपनीला विजेच्या चेतकचे उत्पादन ऑगस्ट २०२५ मध्ये शून्यावर येईल की काय, अशी भीती जाहीरपणे बोलून दाखवावी लागली.

आपल्याकडे कच्चा माल नाही असे नाही. अणुखनिज संचालनालयाच्या अंदाजाप्रमाणे देशात सुमारे १३१ लाख टन मोनाझाइट आहे आणि त्यात सुमारे ७२ लाख टन रेअर अर्थ ऑक्साइड आहे. आणि वर्षाचे उत्पादन? तीन हजार टनांच्या आतबाहेर. चीनचे २०२४ मधले पावणेतीन लाख टनांच्या घरात. कापूस पिकवणारा एक, सूत कातणारा दुसरा, कोट शिवून विकणारा तिसरा. नफा कोणाच्या पेटीत जातो ते कापड बाजारात उभी हयात काढलेल्याला विचारा. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये चुंबकांसाठी ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली, ते ठीकच झाले. पण चुंबकाचे कारखाने बड्या घराण्यांचे असणार. तिथे आपल्या लेथवाल्याला जागा फार थोडी. हलक्या धातूचे ओतकाम आणि कातकाम यांत मात्र हुन्नर असलेल्या हाताला किंमत आहे आणि त्यासाठी वेगळी योजना मागितली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

इथे एक गोष्ट ठासून सांगतो. काही मंडळी उत्साहाने म्हणतील की महाडला एमआयडीसी आहेच, रासायनिक कारखाने आहेतच, मग रेअर अर्थ वेगळे करण्याचाच कारखाना इथे आणा. माझा त्याला विरोध आहे. या कामाला तेजाब आणि कॉस्टिक सोडा लागतो, केरोसीनसारख्या द्रावणाने भरलेल्या टाक्यांमागून टाक्यांतून माल शेकडो वेळा फिरवावा लागतो, आणि आपल्या मोनाझाइटमध्ये शेकडा ८ ते १० भाग थोरियम ऑक्साइड असते, ज्याची किरणे मागे राहणाऱ्या गाळातून निघत राहतात. सावित्रीने आजवर रासायनिक सांडपाणी थोडे सोसलेले नाही. सव, दासगावपासून खाली बाणकोटच्या खाडीपर्यंत मासेमारीवर जगणाऱ्यांना विचारा. आणि २०२१ च्या जुलैमध्ये याच नदीचे पाणी महाडच्या बाजारात किती चढले होते ते आपण सर्वांनी पाहिले आहे. असल्या गाळाचा साठा पुराच्या काठावर नको.

मलेशियाचे उदाहरण समोर आहे. पेराक प्रांतात इपोह शहराजवळ बुकित मेराह येथे १९८२ मध्ये मोनाझाइटपासून इट्रियम काढण्याचा कारखाना सुरू झाला. त्यात जपानच्या मित्सुबिशीचे भांडवल होते. किरणोत्सारी कचरा नीट न ठेवल्याने आसपासच्या वस्तीत आजार आणि रक्ताच्या कर्करोगाच्या तक्रारी उठल्या. गावकऱ्यांनी १९८५ मध्ये कोर्टात धाव घेतली. १९९२ मध्ये हायकोर्टाने कारखाना बंद करण्याचा हुकूम दिला, पुढे वरच्या कोर्टाने तो फिरवला, तरी १९९४ मध्ये कंपनीने कुलूप ठोकले. सफाईचे काम पुढे कित्येक वर्षे चालले. वेगळे करण्याचे काम जिथे सरकारी देखरेखीत चालले आहे तिथेच वाढवावे. आपण तयार मिश्रधातूची वीट विकत घ्यावी आणि तिच्यापासून भाग ओतावा, कातावा, तपासून विकावा. ताणा दुसऱ्याने भरला म्हणून विणकर काही कमी ठरत नाही.

पण तेही काम बिनधोक नाही. मॅग्नेशियमच्या गोळ्याला काडी लावली तर तो पेटत नाही. कीस आणि भुकटी पेटते. आणि पेटल्यावर पाणी मारले तर आग विझत नाही, उलट हायड्रोजन वायू सुटून भडका उडतो. नेहमीच्या कार्बन डायऑक्साइडच्या नळकांड्याचाही उपयोग नाही, कारण त्या वायूतही हा धातू जळत राहतो. धातूच्या आगीसाठी असलेली ‘डी’ वर्गाची कोरडी पूड जवळ असावी लागते. लेथवर हत्यार धारदार हवे, कीस जाड निघाला पाहिजे. बोथट हत्याराने घासत बसले की भुकटी पडते आणि गरमही होते. थंडाव्यासाठी पाणीदार कूलंटऐवजी खनिज तेल वापरावे. वितळवताना रस हवेपासून झाकलेला लागतो. रेअर अर्थ असलेला धातू पेट घ्यायला जास्त वेळ लावतो हे खरे, पण कारागिराने त्या भरवशावर राहू नये. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाड एमआयडीसीतील एका कारखान्याच्या स्फोटात कामगारांचे जीव गेले. कोणाच्या घरची रोजी गेली ते या पट्ट्यात कोणाला ठाऊक नाही?

भंगारवाल्या बंधूंसाठी थोडे वेगळे सांगतो, कारण त्यांच्या दुकानात हा धातू आजच पडलेला आहे. मोटारींच्या स्टिअरिंगची आतली चौकट, लाकूड कापण्याच्या चेनसॉचे आणि गवत कापण्याच्या यंत्राचे खोके, काही लॅपटॉपचे सांगाडे आणि जुन्या कॅमेऱ्यांची अंगे यांत मॅग्नेशियम असते. आपल्याकडे ते सर्रास ॲल्युमिनियमच्या ढिगात जाते. पुढे भट्टीवाल्याकडे ते भडकते, त्याची घट येते, आणि ती घट तो पुढच्या खेपेला तुमच्याच भावातून वळती करतो. ओळखायला सोपे आहे. हातात घेतले की आकाराच्या मानाने वजन लागत नाही. शंका असेल तर एका कोपऱ्यावर कानसने रंग खरवडा आणि सिरक्याचा एक थेंब टाका. मॅग्नेशियम असेल तर लगेच बुडबुडे येतात. ॲल्युमिनियम गप्प बसते. घरातल्या लोणच्याच्या सिरक्याने हे होते, प्रयोगशाळा लागत नाही. ते वेगळे ठेवा, वेगळ्या भावाने विका आणि विकताना काय आहे ते सांगून विका. कापडाच्या काठावर प्रमाण छापतात ते उगीच नव्हे.

भांडवलाचा प्रश्न निघेल. आपल्या भागातून कुवेत, दुबई, सौदीत गेलेल्यांनी कष्टाने पैसा आणला, त्यातून बंगले बांधले, पनवेलकडे फ्लॅट घेतले. त्यांना नावे ठेवण्याचा माझा इरादा नाही, छप्पर हवेच. पण वर्षातले दहा-अकरा महिने कुलूप असलेल्या बंगल्याने कोणाच्या हाताला काम दिले? आपल्याकडे मुदारबतचा रस्ता खुला आहे. एकाचा सरमाया, दुसऱ्याचा हुन्नर, नफा ठरल्या हिश्शाने. व्याजाचा प्रश्न येत नाही. तोटा आला तर पैसेवाल्याचा पैसा जातो आणि कारागिराची मेहनत जाते, हे आधी लिहून ठेवावे म्हणजे पुढे भाऊबंदकी होत नाही. एका चांगल्या लेथवाल्याला, एका ओतकाम जाणणाऱ्याला आणि हिशेब ठेवणाऱ्या एकाला घेऊन सुरुवात करता येते. जागा मात्र उंचावरची आणि कोरडी पाहावी. आपला पाऊस आणि हा धातू यांचे जमत नाही.

हाताच्या कामाला आपल्यात कमी लेखण्याची जी सवय लागली आहे तीही सुटली पाहिजे. हजरत दाऊद (अलैहिस्सलाम) यांच्यासाठी लोखंड मऊ केल्याचा उल्लेख सूरह सबामध्ये आहे. बादशाही असून ते चिलखते बनवून आपल्या हातची रोजी खात. आपला मुलगा मात्र बारावी झाला की ‘ऑफिसचे काही बघा’ म्हणतो, आणि बापही तेच म्हणतो.

तालीम कुठे मिळेल? लोणेरेचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ महाडपासून तासाभराच्या आत आहे आणि तिथे यंत्र-अभियांत्रिकी शिकवतात. भायखळ्याचे साबू सिद्दीक आणि नव्या पनवेलचे काळसेकर टेक्निकल कॅम्पस ही तर अंजुमन-ए-इस्लामची, आपलीच. या तिघांपैकी एकाने जरी मॅग्नेशियमचे ओतकाम, कातकाम आणि आगीपासून बचाव यांवर पंधरा दिवसांचा वर्ग काढला, तोही दहावी नापास कारागिराला समजेल अशा भाषेत, तर पुष्कळ होईल. उर्दू शाळेतून आलेल्या मुलाला ‘ग्रेन रिफाइनमेंट’ म्हटले की तो घाबरतो; ‘दाणा बारीक करणे’ म्हटले की तोच मुलगा चार प्रश्न विचारतो. आपल्या जमातीच्या कमिट्यांनी संस्थांना तसे पत्र द्यावे आणि वर्गात बसतील अशा दहा-बारा मुलांची नावे त्या पत्रासोबतच जोडावीत. नावांशिवाय गेलेल्या पत्राला उत्तर येत नाही.

हे सारे व्हायला वर्ष-दोन वर्षे लागतील. तोवर भंगाराच्या दुकानात सिरक्याची बाटली ठेवणे, आणि मॅग्नेशियमचा कीस निघत असेल तर तो पहिला पाऊस पडण्यापूर्वी झाकणाच्या कोरड्या लोखंडी पिंपात, छपराखाली, वेल्डिंगपासून लांब हलवणे एवढे काम या आठवड्यात होण्यासारखे आहे.